गिटारची तिथी

नागपुरात रॉक बँड आठ सेमिस्टर जगतो. एखाद्याचा मॅथ्स-थ्री राहिला तर नऊ. पहिल्या वर्षी फ्रेशर्स पार्टीत चार पोट्टे एकमेकांना सापडतात, दुसऱ्या वर्षी कोणाच्या तरी घरची गच्चीवरची खोली मिळते, तिसऱ्या वर्षी गॅदरिंगमध्ये थोडंफार नाव होतं आणि चौथ्या वर्षी कॅम्पसला कंपनी येते. मग ड्रमर पुण्याला जातो. का कोण जाणे, पण आधी ड्रमरच जातो. बाकीचे त्याला महाराष्ट्र एक्सप्रेसवर सोडायला जातात, फलाटावर चहा पितात, ‘दिवाळीत भेटू, दोन-तीन सुपाऱ्या घेऊ’ असं ठरतं आणि बँडची कारकीर्द तिथेच संपते. ड्रमरलाही ते ठाऊक असतं, म्हणून तो काठ्या घरीच ठेवून गेलेला असतो.

अशा एका बँडमध्ये मी बेस वाजवत होतो. बँडचं नाव इंग्रजी होतं आणि इतकं गंभीर होतं की ते इथे लिहवत नाही. आईनं शेजारी सांगून टाकलं होतं, ‘आमचा बँडमध्ये वाजवतो.’ त्यावर शेजारच्या काकूंनी काळजीनं विचारलं होतं की वर्दी स्वतःची घ्यावी लागते का. लग्नाच्या वरातीतला बँड हा त्यांच्या ओळखीचा होता. बिनवर्दीचा, बिनवरातीचा बँड कशासाठी असतो हा त्यांचा प्रश्न मला तेव्हा अडाणीपणाचा वाटला. आता वाटतं, इतका नेमका प्रश्न आम्हाला दुसऱ्या कोणीच विचारला नाही.

विदर्भातल्या रॉकचा इतिहास कोणी लिहायला घेतला तर त्याला आधी तंत्रशिक्षण खात्याच्या फायली चाळाव्या लागतील. नागपुरात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० पासून होतं. त्याचं व्हीआरसीई हे नाव २००२ मध्ये व्हीएनआयटी झालं, तरी आमच्या वडिलांच्या पिढीसाठी ते व्हीआरसीच राहिलं. पण १९८३ मध्ये राज्यानं विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं आणि पुढच्याच वर्षी इथे यशवंतराव चव्हाण, रामदेवबाबा ही कॉलेजं उभी राहिली. अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, भंडारा इथून पोट्टे आले, भाड्याच्या खोल्यांत राहिले आणि एकमेकांच्या कॅसेटी ऐकू लागले. त्या खोल्यांतून गिटारी निघाल्या. म्हणजे आमचं संगीत हे शिक्षणधोरणाचं जोडउत्पादन होतं. आणि ज्या कॉलेजांनी बँड जन्माला घातले त्यांनीच ते प्लेसमेंटच्या दिवशी मोडलेही. दोष द्यायचा तर द्यायचा कोणाला? ड्रमरच्या बापानं शेतीवर कर्ज काढून फी भरली होती.

आमची खोली प्रताप नगरात, दुसऱ्या मजल्यावर, वर पत्रा. एप्रिलपासून तिथे कूलरशिवाय बसणं अशक्य आणि कूलर लावला की ॲम्प्लिफायरमध्ये गुणगुण सुरू. घरातलं अर्थिंग नावापुरतं होतं. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते आणि बेसवरचा सगळ्यात खालचा ‘जी’ सूर एकोणपन्नासच्या आसपास असतो. त्यामुळे त्या खोलीत एक किंचित चढा ‘जी’ कायम तंबोऱ्यासारखा घुमत राहायचा. आमच्या गिटारवाल्यानं पुढे पुढे गाणीच ‘जी’मध्ये बांधायला घेतली. परीक्षक म्हणायचे, पोट्ट्यांची पट्टी ठरलेली आहे. ती पट्टी वीज मंडळानं ठरवून दिलेली होती.

माझा बेस कोलकात्याच्या गिव्हसन कंपनीचा, जुना. तारांचा नवा संच महाग, आणि मागवला तरी मुंबईहून यायला वेळ लागायचा. म्हणून तारा उकळायच्या. ही युक्ती जगभरचे गरीब बेसवाले वापरतात, पण मला ती सदरच्या एका वयस्क गिटारवाल्यानं सांगितली. चारही तारा काढायच्या, वेटोळं करून दोऱ्यानं बांधायच्या, पातेल्यात पाणी खळखळलं की सोडायच्या. पाच-दहा मिनिटांत पाणी करडं होतं आणि त्यावर तेलकट तवंग येतो. महिनोन्‌महिने बोटांचा घाम, मळ, चिवड्याचं तेल त्या गुंडाळीच्या फटींत बसलेलं असतं, ते सगळं सुटून येतं. मग तारा पंच्यात गुंडाळून कोरड्या करायच्या आणि परत चढवायच्या. आवाज एकदम खणखणीत, जणू कालच घेतल्यात. हे तेज चार-आठ दिवस टिकतं, म्हणून उकळणं कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच. आईनं त्यासाठी दुधाचं एक जुनं पातेलं कायमचं काढून दिलं आणि ते परत स्वयंपाकघरात येणार नाही याची खबरदारी घेतली.

तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. आमच्या गच्चीवर उभं राहिलं की उत्तरेला कोराडीची धुराडी दिसायची, त्यांचा धूर दिसायचा आणि आमच्या खोलीत लाइट नसायची. विदर्भात हा विनोद सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे वाढवत नाही. पण त्याचा एक फायदा झाला. पेपरात भारनियमनाचं वेळापत्रक छापून यायचं आणि आमची प्रॅक्टिस त्यावर ठरायची. बँडला शिस्त लावणारी तेवढी एकच गोष्ट होती. आमचं पहिलं स्वतःचं गाणंही त्यावरच झालं. शब्द नागपुरी, ‘काहून’, ‘कायले’सकट. चाल, अर्थातच, ‘जी’मध्ये.

ते गाणं कॉलेजात पडलं. गॅदरिंगला लोकांना ओळखीची गाणी हवी असतात. इंग्रजी गाण्यांवर पुढच्या चार रांगा डोकी हलवायच्या, हिंदी गाण्यांवर सगळं मैदान गायचं, आणि ‘आता आमचं स्वतःचं’ म्हटलं की लोक समोशाच्या स्टॉलकडे वळायचे. कोणी हुर्यो केली असती तरी बरं वाटलं असतं.

मग गणपतीत एका मंडळानं आम्हाला बोलावलं. खरी सुपारी एका ऑर्केस्ट्राची होती, मध्यंतरात अर्धा तास भरायला आम्ही. स्टेजवर चढल्या चढल्या कार्यकर्ता जवळ आला, ‘भाऊ, ‘कजरा रे’ होते का?’ आमच्याकडे ना ढोलक, ना गायिका. आम्ही एकमेकांकडे बघत असताना मागे बसून बिडी विझवणारा ऑर्केस्ट्राचा ऑक्टोपॅडवाला उठला. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर दुपट्टा. दिवसा कचेरीत कारकुनी, रात्री वाजवणं. ‘तुमचं जे असन ते वाजवा, मी पाह्यतो,’ म्हणाला. आम्ही घाबरून आमचं भारनियमनाचं गाणं सुरू केलं. दोन ओळी त्यानं नुसत्या ऐकल्या. तिसऱ्या ओळीला त्या आठ रबरी चौकोनांतून ढोलकीचा केरवा निघाला, मध्येच खंजिरी, मध्येच लेझीम. आमच्या ड्रमरनं चिडून जोर लावला, तर काका त्याच्या जोरातच जागा शोधून बसले. मंडपात पुढे बसलेल्या बाया हसायला लागल्या, कारण आता शब्द ऐकू येत होते. गिटारवाल्याचा चेहरा पडला होता. त्याचं रॉक गाणं डोळ्यांदेखत मंडपाचं झालं होतं. मला मात्र त्या रात्री माझा बेस पहिल्यांदा नीट ऐकू आला.

काकांच्या घरी नंतर जाणं-येणं झालं. बैठकीत टीव्हीच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं, आणि त्यावर निळ्या शाईची इतकी वर्तुळं की खालची पंचमी-षष्ठी दिसू नये. गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, कोजागिरी. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा. तुळशीच्या लग्नानंतर माणसांची लग्नं. थंडीभर झाडीपट्टीच्या नाटकांचे प्रयोग, म्हणजे वडसा-ब्रह्मपुरीकडे रात्रभर वाजवून सकाळच्या गाडीनं कचेरी. १४ एप्रिलच्या भोवती आठवडाभर भीमगीतं, मग बुद्ध पौर्णिमा. मोकळे म्हणाल तर ज्येष्ठ आणि आषाढ. ते कॅलेंडर बघत मी बसलो असताना काका म्हणाले, ‘तुमचं गाणं चांगलं हाय बाबू. पण त्याले तारीख कोणती?’

आमच्याकडे उत्तर नव्हतं. फेब्रुवारीतलं गॅदरिंग, एवढीच आमची तारीख, आणि तीही पास झालं की हातची जाणारी.

तेव्हापासून इथलं कुठलंही गाणं ऐकताना मी आधी त्याची तारीख शोधतो. ज्या विद्यापीठाच्या कॉलेजांत आम्ही गिटारी वाजवल्या त्याला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. नाव कोणाचं, तर खंजिरीवर भजन म्हणत गावं जागवणाऱ्या माणसाचं. त्यांचं नाव आमच्या गुणपत्रिकांवर छापलं गेलं आणि आम्हाला त्यांच्या खंजिरीचा एक बोल येत नव्हता. महाराज गेले १९६८ मध्ये. आजही मोझरीला पुण्यतिथीच्या दिवशी माणसं लोटतात आणि खंजिरी वाजते. झाडीपट्टीचंही तसंच. मंडई, शंकरपट, जत्रा यांच्या आधारानं दिवाळीपासून शिमग्यापर्यंत नाटकं चालतात, आणि ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅडवाल्यांच्या चुली त्यावर पेटतात. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पेपरांना झाडीपट्टी म्हणजे काय हे आपल्या वाचकांना समजावून सांगावं लागलं.

पण तारीख म्हणजे काय हे खरं समजून घ्यायचं असेल तर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जावं. १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि दिली. तेव्हापासून दर वर्षी लाखो माणसं येतात. पुस्तकं विकत घेतात आणि गाणी विकत घेतात. मी पाहिलं तेव्हा कॅसेट जाऊन सीडी आल्या होत्या, नंतर मेमरी कार्डात गाणी भरून देणारे बसू लागले. रहाटे कॉलनीच्या बाजूनं चालत आलं की प्रत्येक दुकानाचा कर्णा वेगळं गाणं ओरडत असतो. पाच पावलं वामनदादा कर्डक, पुढची पाच पावलं कव्वाली, मग कुठलासा डिस्को ठेका. एखादी आजी गाठोड्यावर बसून, दुकानदारानं मधेच बदललेलं गाणं ‘ते पह्यलं लाव’ म्हणून परत लावून घेते. तिला नेमकं कोणतं हवं हे तिला माहीत असतं. इतकं पक्कं गिऱ्हाईक कुठल्या रॉक बँडला मिळालं आहे?

या शहरानं याच गाण्यासाठी नागोराव पाटणकरांसारखा कव्वाल घडवला. कव्वालीचा साचा दर्ग्यातला; पेटी, तबला, टाळी, सगळं तिथलंच. त्यात भीमाचं आणि बुद्धाचं चरित्र ओतलं गेलं आणि वस्त्या-वस्त्यांतून लोक पहाटेपर्यंत बसले. तो साचा उसना आहे असं त्या श्रोत्याला कधी वाटलं नाही. त्यामुळे ‘गिटार आपली नाही म्हणून रॉक रुजला नाही’ हे जे इथले संगीतमास्तर सांगतात ते मला पटत नाही. बुलबुलतरंग तरी आपलं कुठे होतं? कव्वाली रुजली, कारण तिला कोणीतरी वाट बघत असलेली रात्र होती.

हे काही तरुणांच्या लक्षात आलं. मुंबईत कबीर शाक्य यांनी २०११ च्या सुमारास ‘धम्म विंग्ज’ हा बौद्ध रॉक बँड काढला. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम्स, आणि विषय बुद्ध आणि बाबासाहेब. देशाच्या तर सोडाच, महाराष्ट्राच्याही रॉकच्या गप्पांत त्यांचं नाव क्वचित निघतं. रॉकवाल्यांना ती भीमगीतं वाटतात आणि जुन्या भीमगीतवाल्यांना गोंगाट. पण मला त्यांचा हेवा वाटतो तो वेगळ्याच कारणानं. त्यांच्या गिटारला १४ एप्रिल आहे. पुढे चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकारानं ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभा राहिला; त्यांनी गाना या तिथल्या वस्त्यांच्या, मयतीच्या गाण्याला रॉक आणि रॅप जोडून जानेवारी २०१८ मध्ये पहिला कार्यक्रम केला. तिथेही गाण्याच्या आधी ते गाणं लागणारा प्रसंग होता.

उलट, ज्याला आपण भारतीय रॉकचा सुवर्णकाळ म्हणतो त्याची तारीख सिगारेट कंपनीनं दिलेली होती. १९७० आणि ७१ मध्ये इम्पिरियल टोबॅकोनं ‘सिमला बीट’ स्पर्धा घेतली. शिलाँगचे फेंटोन्स, अहमदाबादचा पर्पल फ्लॉवर, मुंबईचा व्हेलव्हेट फॉग असे देशभरचे बँड त्यात वाजले, रेकॉर्डी निघाल्या. सिगारेटवाल्यांचा रस संपला आणि तारीख गेली. रेकॉर्डी आता परदेशातले संग्राहक विकत घेतात. व्हेलव्हेट फॉगमध्ये गाणारा नंदू भेंडे हा आत्माराम भेंड्यांचा मुलगा. मराठी घरातला अस्सल रॉक गायक. पण तो टिकला तो नाटकामुळे: अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जूडास, मग १९७८ मध्ये जब्बार पटेलांनी बसवलेल्या पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त. नाटकाला तिसरी घंटा असते, जाहिरातीत तारीख आणि वेळ असते. पुढे ‘डिस्को डान्सर’मध्ये त्याच्या आवाजात कृष्णाला धरतीवर बोलावलं गेलं आणि गोकुळाष्टमीला ते गाणं आजही कुठे ना कुठे लागतंच. २०१४ मध्ये तो गेला. मुंबईच्या रॉकवाल्यांनीही एकदा शहाणपणा केला होता. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचा, स्वातंत्र्यदिनाच्या आसपास. आमच्या सीनियर्सपैकी काही जण विदर्भ एक्सप्रेसनं रात्रभर उभ्यानं जाऊन तो बघून आले होते आणि पंढरपूरहून आल्यासारखे बोलायचे. नंतर रंगभवन शांतता क्षेत्रात आलं. तारीख होती, पण जागा गेली.

आता नागपुरात कॅफे झालेत. धरमपेठेत, रामदासपेठेत शनिवारी एक पोरगा गिटार घेऊन स्टुलावर बसतो. मागे मायनस ट्रॅक, समोर पास्ता. एकटा असतो, कारण चौघांना पुरेल एवढे पैसे कोणी देत नाही. दुसरीकडे अमरावतीचा सौरभ अभ्यंकर नावातला ‘सौ’ आकड्यात लिहून ‘१००आरबीएच’ झाला आणि रॅप करून देशभर पोचला. रॅपला गच्चीवरची खोली लागत नाही, कूलर गुणगुणला तरी फरक पडत नाही आणि ड्रमर पुण्याला जायचा प्रश्नच येत नाही. हा मार्ग आम्हाला सुचला नाही, कारण आमच्या फोनमध्ये फक्त साप होता.

आमच्या बँडचं पुढे जे व्हायचं ते झालं. ड्रमर पुण्यात व्यवस्थापक आहे, गिटारवाला बंगळुरात. जाहिराती आणि भजनं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका स्टुडिओत आम्ही भारनियमन एका सीडीवर उतरवलं होतं. ती सीडी आता कोणत्याच यंत्रात चालत नाही. यावर रडण्यासारखं काही नाही. गाणं फार थोर नव्हतं. पण गणपतीतल्या त्या अर्ध्या तासात ते चांगलं झालं होतं हेही खरं.

अलीकडे माझ्या डोक्यात एक कल्पना आहे. नागपुराकडे रॉकसाठी शिवून ठेवल्यासारखा एक दिवस पडून आहे. पोळ्याचा पाडवा, मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा दिवस. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते. इतवारी-महालाच्या गल्ल्यांत दोघींची गाठ पडते, सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे, आणि त्या बडग्यांवर महागाई, खड्डे, पुढारी, भ्रष्टाचार, जे त्या वर्षी अंगावर आलं असेल त्याची बिनदिक्कत टर. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत हजारो घसे एका सुरात ओरडतात. राग आहे, टिंगल आहे, गर्दी आहे, शेवटी जाळपोळही आहे. एका ट्रकवर जनरेटर, दोन गिटारी, एक ड्रमसेट आणि नागपुरी बोलीतली गाणी, एवढंच घालायचं. दर वर्षी नवं गाणं, त्या वर्षीच्या रोगराईवर. तयारीला श्रावण आहेच. कॉलेजातल्या एका नव्या बँडला मी हे सांगितलं. पोट्ट्यांना पटलं. त्यांचा ड्रमर मात्र म्हणाला, ऑगस्ट-सप्टेंबरात कॅम्पस असतो.

म्हणून काकांना फोन केला. निवृत्त झालेत, पण हात चालू आहे. सगळं शांतपणे ऐकून घेतलं, ‘आयडिया भारी हाय’ म्हणाले, आणि मग पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला. ‘नाही जमत बाबू. त्या दिवशी तान्हा पोळा असते ना. दोन जागी लहान पोरांच्या नंदीबैलांचे कार्यक्रम धरून ठेवले हाये मी.’

मी विचारलं, संध्याकाळी उशिरा?

‘उशिरा म्हणजे किती वाजता? ट्रक कोणाचा हाय, ते सांग पह्यले.’